मर्यादित आवृत्तीतले फूल : ल्यूसियन फ्रॉइडची दोन अम्लरेखने

मुद्राचित्राच्या खालच्या कोऱ्या समासात पेन्सिलीने एक अपूर्णांक लिहिलेला असतो. छेदस्थानी काढलेल्या छापांची एकूण संख्या, अंशस्थानी हातातल्या छापाचा क्रमांक. हा अपूर्णांक चित्राचा भाग नव्हे. चौकटीत बसवताना तो पुष्कळदा पुठ्ठ्याच्या कडेआड जातोही. तरी चित्र विकत घेणाऱ्याची नजर आधी तिथेच वळते. साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रथा काहीशी परकी वाटणे स्वाभाविक आहे. हातातला कवितासंग्रह पाचशे प्रतींपैकी एक आहे की पाच हजारांपैकी, याने कवितेच्या आशयात तिळमात्र फरक पडत नाही. उलट प्रती जितक्या अधिक निघतील तितके कवीचे भाग्य थोर मानले जाते. मुद्राचित्राच्या बाबतीत मात्र प्रती थोड्या असणे हेच भूषण ठरते. त्यातही चित्रविषय फूल असला की हा विरोध अधिकच डोळ्यांत भरतो. नाशवंत वस्तूची टिकाऊ प्रतिमा करायची, तिच्या वाटेल तितक्या प्रती निघतील असा पत्रा तयार करायचा, आणि थोड्याच प्रती काढून ती वाट आपल्याच हाताने बंद करायची, या वर्तनाला काही कलात्मक अर्थ आहे की तो निव्वळ बाजाराचा संकेत आहे?

या प्रश्नाचा विचार निव्वळ तत्त्वाच्या पातळीवर करण्यापेक्षा एखाद्या चित्रकाराच्या कामाच्या आधाराने करणे अधिक फलदायी ठरेल. ल्यूसियन फ्रॉइड हा त्यासाठी योग्य चित्रकार आहे. मानसविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचा हा नातू १९२२ साली बर्लिनमध्ये जन्मला, १९३३ साली कुटुंबाबरोबर इंग्लंडला आला आणि २०११ साली लंडनमध्ये वारला. त्याची ख्याती आहे ती मानवी देहाच्या, विशेषतः नग्न देहाच्या चित्रणासाठी. त्याने आयुष्यभर झाडे, पाने आणि फुले रंगवली ही गोष्ट बराच काळ दुय्यम समजली गेली. टेट संग्रहालयातल्या ‘टू प्लँट्स’ (१९७७–८०) या चित्रातल्या पानांवर त्याने तीन वर्षे घालवली. अलीकडच्या काळात जोव्हानी अलोई याचे ‘ल्यूसियन फ्रॉइड हर्बेरियम’ हे पुस्तक (२०१९) आणि लंडनच्या गार्डन म्युझियममध्ये २०२२ साली भरलेले त्याच्या वनस्पतिचित्रांचे प्रदर्शन यांमुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली. तथापि चर्चा झाली ती प्रामुख्याने तैलचित्रांची. अम्लरेखनांत, म्हणजे एचिंगमध्ये, फुलाचे काय होते याचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. त्या दृष्टीने ‘इल इन पॅरिस’ (१९४८) आणि ‘द पेंटर्स गार्डन’ (२००३–०४) ही दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवण्याजोगी आहेत. त्यांच्यात पंचावन्न वर्षांचे अंतर आहे.

तत्पूर्वी त्या अपूर्णांकाविषयी थोडे. प्रती मर्यादित ठेवण्याची प्रथा अम्लरेखनाइतकी जुनी नाही. रेम्ब्रांट १६६९ साली वारला. त्याच्या पत्र्यांवरून पुढे अठराव्या शतकातही छाप निघत राहिले, झिजलेल्या रेषा दुसऱ्यांनी पुन्हा कोरून काढल्या. गोयाची युद्धाच्या अनर्थांवरील चित्रमालिका तर त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १८६३ साली, प्रथम प्रकाशित झाली. व्हिस्लर आणि सीमोर हेडन यांनी १८८०च्या सुमारास आपल्या छापांवर पेन्सिलीने सही करण्यास सुरुवात केली आणि तेव्हापासून सही, संख्या आणि शेवटी पत्रा ओरखडून निकामी करणे असा रिवाज हळूहळू पक्का होत गेला. छायाचित्राने आणि यांत्रिक छपाईने प्रतिमा स्वस्त केल्या त्याच काळात हा रिवाज रुजावा हा योगायोग नाही. वाल्टर बेंजामिनने १९३० नंतरच्या दशकात कलाकृतीच्या तेजोवलयाविषयी जी चिंता व्यक्त केली, तिचे एक व्यावहारिक उत्तर मुद्राचित्रांच्या व्यापाऱ्यांनी अर्धशतक आधीच शोधून ठेवले होते.

या रिवाजाचे समर्थन करताना नेहमी एक भौतिक कारण पुढे केले जाते: तांब्याचा पत्रा झिजतो, म्हणून उत्तम छाप थोडेच निघतात. हे अर्धसत्य आहे. सुईने थेट तांबे ओरखडून काढलेल्या चित्रात रेषेच्या कडेला जी तांब्याची किनार उठते ती थोड्याच छापांत चेपते, हे खरे. परंतु आम्लाने खोदलेली रेषा पुष्कळ अधिक टिकते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विजेच्या साहाय्याने तांब्यावर लोखंडाचा पातळ थर चढवण्याची युक्ती हाती आल्यापासून तर हे कारण बहुतांशी नाहीसेच झाले. तेव्हा आजच्या चित्रकाराने छापांची संख्या पन्नासाच्या आत ठेवली तर ती तांब्याची थकावट नव्हे, त्याचा निर्णय असतो. निर्णय म्हटला की त्याची जबाबदारी आली, आणि समीक्षेला त्याची झडती घेण्याचा अधिकारही.

मराठी वाचकाच्या मनातली छापील चित्राची आठवण याच्या नेमकी विरुद्ध आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर, देव्हाऱ्यांत, दिनदर्शिकांवर जाऊन बसल्या. त्या प्रतींना कुणी क्रमांक घातला नाही. लक्ष्मीच्या हातातले कमळ जितक्या घरांत जाईल तितके बरे, हीच त्यामागची धारणा होती. आपल्याकडे छापील चित्र ‘मर्यादित’ असू शकते ही कल्पना रुजायला म्हणूनच वेळ लागला. तीत उच्चभ्रूपणाचा वास आहे अशी शंकाही सतत राहिली. ती अगदीच निराधार नाही.

फ्रॉइडने पहिली अम्लरेखने केली ती १९४६ ते १९४८ या काळात. तेव्हा तो विशीत होता आणि पॅरिसला जाऊन-येऊन असे. छापखाना जवळ नाही, साधने जुजबी, हॉटेलच्या खोलीतल्या हात धुण्याच्या बेसिनमध्ये आम्ल ओतून पत्रा बुडवायचा, असा तो प्रकार होता. ‘इल इन पॅरिस’ हे त्या काळातले सर्वांत परिपक्व चित्र. पत्रा तळहातापेक्षा फारसा मोठा नाही. उशीवर टेकलेले एका तरुणीचे मस्तक त्यात आहे. ती म्हणजे किटी गार्मन, शिल्पकार जेकब एप्स्टाइन याची मुलगी, जिच्याशी फ्रॉइडने त्याच वर्षी विवाह केला. डोळे विस्फारलेले आहेत आणि मस्तकालगत, पाहणाऱ्याच्या अगदी पुढ्यात, काटेरी देठाचा एक गुलाब आहे.

आजाऱ्याच्या उशाशी फूल ठेवणे हा पाश्चात्त्य समाजातला सर्वसामान्य शिष्टाचार. पण या चित्रात गुलाब सांत्वनासाठी आलेला वाटत नाही. त्याचे कारण रेषेत आहे. चेहरा, केस, उशी, पाकळ्या, पाने आणि काटे ही सगळी एकाच जातीच्या बारीक, टणक रेषेने काढलेली आहेत. तैलरंगात चित्रकाराला गुलाबाला त्याचा रंग देऊन मोकळे होता येते; त्या रंगाबरोबर प्रेम, शृंगार, उपचार असे सर्व संकेत आपोआप येतात. त्याच सुमाराच्या ‘गर्ल विथ रोझेस’ (१९४७–४८) या तैलचित्रात ते काही प्रमाणात आलेले आहेत. अम्लरेखनात रंग नाही, म्हणून हे संकेतही गळून पडतात. उरतो तो एक काटेरी, पानांचा, पदर पदर वळलेला जीव. स्त्री आणि फूल यांच्यात इथे उपमान-उपमेयाचे नाते उरत नाही. दोघेही शेजारी शेजारी पडलेले, आपापल्या परीने ताठरलेले असे दोन देह होतात, आणि काट्यांची टोके मस्तकाच्या इतकी जवळ असतात की डोळ्यांतली भीती त्या फुलाचीच असावी असे क्षणभर वाटते.

स्त्रीमुख कमळासारखे, ओठ प्रवाळासारखे ही परंपरा ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्या वाचकांना या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. संस्कृत आणि मराठी काव्यात फूल क्वचितच स्वतःसाठी येते. ते कुणाच्या तरी मुखाची, हास्याची, कोमलतेची खूण म्हणून येते, वेणीत माळले जाते, देवाला वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. युरोपीय पुष्पचित्रणाची परंपरा वेगळी असली तरी तिथेही फूल क्वचितच सुटे असते. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत ते मरणाची आठवण करून देते. रदूतेच्या गुलाबांच्या ग्रंथात (१८१७–२४) ते शास्त्राचे आणि श्रीमंतांच्या उद्यानांचे वैभव दाखवते. रदूतेचे कसब वादातीत आहे, पण त्याच्या गुलाबाला कुणी टोचून घेतले असेल असे वाटत नाही. फ्रॉइडचा गुलाब टोचतो. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे तीन नियम सांगितले, ते या छोट्या पत्र्यावर सहज लावून पाहता येतात. मस्तकाची गोलाई आणि पाकळ्यांची गोलाई यांचा संवाद, उशीचा मऊपणा आणि काट्यांचा कडकपणा यांचा विरोध, आणि दोन आकृत्यांमधल्या मोकळ्या कागदाने साधलेला समतोल. चित्र जणू या नियमांच्या पडताळ्यासाठीच काढले असावे.

यानंतर फ्रॉइडने चौतीस वर्षे अम्लरेखन केले नाही. या काळात त्याची चित्रपद्धती पार बदलली. बारीक मऊ कुंचला जाऊन जाड डुकराच्या केसांचा कुंचला आला, रेखीवपणाऐवजी रंगाचे थर आले. १९८२ साली तो पुन्हा पत्र्याकडे वळला, आणि त्याचे निमित्त मोठे मार्मिक आहे. लॉरेन्स गोविंगने त्याच्यावर लिहिलेल्या ग्रंथाची एक विशेष मर्यादित आवृत्ती निघणार होती आणि तिच्यासाठी काही अम्लरेखने हवी होती. म्हणजे ज्या मर्यादित आवृत्तीला बाजाराची युक्ती म्हणून हिणवले जाते, तिनेच या चित्रकाराला त्याचे एक विसरलेले माध्यम परत दिले. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे तो ते करीत राहिला. माणसांची मस्तके, नग्न देह, त्याचा कुत्रा, १९८५ साली एक काटेरी रोप, आणि शेवटी बाग.

या उत्तरकालीन कामाची पद्धत समजल्याशिवाय ‘द पेंटर्स गार्डन’ समजणार नाही. नेहमीचा मुद्राचित्रकार पत्रा टेबलावर आडवा ठेवतो आणि आधी काढलेले रेखाटन त्यावर उतरवतो. फ्रॉइड मेणाचा काळसर लेप चढवलेला पत्रा कॅनव्हाससारखा चित्रफळीवर उभा करी आणि समोरच्या वस्तूकडे पाहत उभ्याउभ्याच सुई चालवी. हे काम आठवडे, कधी महिने चाले. लेपावर रेघ ओढली की तिथले तांबे उघडे पडते आणि काळ्यावर झळकू लागते. कागदावर तीच रेघ काळी येते. शिवाय डावे-उजवे उलटते. म्हणजे काम चालू असताना चित्रकारासमोर जे असते ते होऊ घातलेल्या चित्राचे दुहेरी उलट रूप असते. खोडण्याची सोय जवळजवळ नाही. चूक झाली तर लेप भरून पुन्हा कोरता येते, पण नाइलाज म्हणून.

यानंतर पत्रा नायट्रिक आम्लात जातो. रूढ पद्धतीत तो टप्प्याटप्प्याने बुडवतात. फिक्या हव्या असलेल्या रेषा मधेच झाकून घेतात, गडद हव्या त्यांना अधिक वेळ खाऊ देतात. अशाने जवळचे गडद आणि दूरचे फिके अशी हवेची खोली साधते. फ्रॉइडचे पत्रे एकाच बुडवणीत खोदले जात. सगळ्या रेषा सारख्या वेळ आम्लात राहत, म्हणून सगळ्यांचा जोर जवळपास सारखा. गडदपणा हवा असेल तर रेषा दाट ओढाव्या लागत; दुसरा उपाय नाही. महिनोन्महिन्यांचे काम एका बुडवणीवर सोपवण्याचा हा जुगार होता, आणि काही पत्रे फसलेही. लिहून पुरे झालेली कादंबरी एकदाच आगीतून काढायची आणि उरेल ती छापायची असा नियम एखाद्या कादंबरीकाराने स्वतःला घालून घ्यावा, तसे हे झाले.

लंडनमधल्या नॉटिंग हिल भागात फ्रॉइडचे घर होते आणि त्याच्यामागे एक छोटी बाग. ती निगुतीने राखलेली नव्हती. तिच्यात बडलियाचे झुडूप माजले होते. बडलिया मूळची चीनमधली. तिला नाव मिळाले ते ॲडम बडल या इंग्रज धर्मोपदेशक-वनस्पतिज्ञाचे. उद्यानांसाठी आणलेले हे झुडूप इंग्लंडात कुंपणाबाहेर पडले, रेल्वेच्या रुळांकडेने आणि भिंतींच्या भेगांतून वाढू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या मोकळ्या जागांवर ते रानच्या रान माजले. उन्हाळ्यात त्याला जांभळे लांबट तुरे येतात, त्यांवर फुलपाखरे जमतात. बहर ओसरला की तुरे तपकिरी होऊन छाटेपर्यंत फांदीवरच राहतात. युद्धानंतरच्या लंडनमध्ये तारुण्य घालवलेल्या, निर्वासित होऊन आलेल्या चित्रकाराला हे निर्वासित झुडूप जवळचे वाटले असावे असा तर्क करण्याचा मोह होतो. मोह आवरलेला बरा. चित्रात त्याला पुरावा नाही. चित्रात फक्त झुडूप आहे.

आणि ते पत्राभर आहे. आकाश नाही, बागेची वाट नाही, कुंपण नाही, नजर टेकवावी असे एकही ठळक फूल नाही. पाने एकमेकांवर, त्यांच्यामध्ये तुरे, तुऱ्यांमागे पुन्हा पाने. प्रथमदर्शनी हे चित्र निराश करते हे कबूल केले पाहिजे. ‘इल इन पॅरिस’ पाहून आलेल्या डोळ्याला इथे ना संवाद दिसतो ना विरोध. समतोल म्हणावा तर कशाचा कशाशी, हेच कळत नाही. मर्ढेकरांचे नियम अशा कृतीपुढे अडखळतात, कारण त्यांना आधी सुटे घटक लागतात. इथे घटक सुटे होण्यास नकार देतात.

थोडा वेळ थांबले की मात्र पाहण्याची रीत बदलते. एका पानाच्या कडेवरून नजर सुरू होते, ते पान दुसऱ्याखाली जाते, दुसऱ्याच्या शिरेवरून तिसरे निघते. प्रत्येक पान वेगळे काढलेले आहे. ‘बागेतली दाटी’ अशी एक सर्वसाधारण खूण करून भाग भरून टाकलेला नाही. एकाच बुडवणीमुळे जवळचे आणि दूरचे पान सारख्याच जोराने उभे राहते, त्यामुळे डोळ्याला मागे-पुढे हा क्रम चित्राकडून आयता मिळत नाही. तो स्वतः शोधावा लागतो. जी गोष्ट दोष वाटली होती ती अशी अर्थवाही ठरते. झुडपासमोर उभे राहिलेल्या माणसाला झुडूप असेच दिसते. चित्रासारखे दिसते ते उद्यान. झुडूप नुसते वाढलेले असते. आणि या वाढीत फूल कुठे असते? पानांच्या बरोबरीचे, त्यांच्याच रेषेचे, बहरातले आणि सुकलेले यांत भेद न केलेले. जांभळा रंग असता तर तुरे क्षणात वेगळे निघाले असते आणि पाने त्यांची पार्श्वभूमी झाली असती. रंगाच्या अभावी फूल आपला मान गमावते, पण झाडाला परत मिळते. वाहिलेले नाही, माळलेले नाही, म्हणून ते निर्माल्यही होत नाही. फांदीवर सुकते, एवढेच.

हा ताण पत्र्याच्या सगळ्याच भागांत सारखा टिकला आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. काही ठिकाणी रेषांची जाळी केवळ जाळी राहते, पान होत नाही. ऐंशी ओलांडलेल्या हाताने उभ्याउभ्या केलेल्या कामात असे होणे समजण्याजोगे आहे, पण समजण्याजोगे आहे म्हणून ते गुण ठरत नाही. ‘इल इन पॅरिस’मध्ये एकही रेषा वाया गेलेली नाही, ‘द पेंटर्स गार्डन’मध्ये काही गेल्या आहेत. तरीही या दोहोंत अधिक धाडसाचे चित्र दुसरेच. तरुण फ्रॉइडला एका फुलाला धार देता आली. वृद्ध फ्रॉइडने फुलावरचा हक्कच सोडून दिला.

या चर्चेत एक माणूस आतापर्यंत आला नाही, आणि समीक्षेत तो बहुधा येतच नाही. लेबननमध्ये जन्मलेला आर्मेनियन वंशाचा मार्क बालाक्यान आणि त्याची पत्नी डोरोथिया वाइट हे लंडनमध्ये ‘स्टुडिओ प्रिंट्स’ नावाची मुद्रणशाळा चालवीत. फ्रॉइडच्या उत्तरकालीन पत्र्यांना आम्लात घालणारा आणि त्यांचे छाप काढणारा हात बालाक्यानचा. लेप धुतलेल्या पत्र्यावर शाई चोपडायची, ती रेषांच्या खाचांत दाबायची, मग कांजी दिलेल्या जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पृष्ठभाग पुसून काढायचा. किती पुसायचे यावर सगळे अवलंबून. थोडी शाई मागे ठेवली तर कागदावर करडी झाक उतरते, पूर्ण पुसली तर कोरी शुभ्रता. मग ओलसर केलेला जाड कागद, त्यावर लोकरी नमदे, आणि रुळांमधून एक फेरा. छाप उचलला की शाई कागदावर किंचित उठून आलेली असते, बोटाला जाणवेल इतकी, आणि पत्र्याच्या कडेची खोलगट चौकट कागदात उमटलेली असते. मग पुन्हा शाई, पुन्हा पुसणे. पत्रा मोठा आणि रेषा दाट असल्या की हे काम किती वेळखाऊ होते याची कल्पना करता येईल.

आवृत्तीच्या मर्यादेचा प्रामाणिक अर्थ शोधायचा तर तो इथे, पुसण्याच्या या कामात, सापडतो. सगळे छाप सारखे असावेत अशी अपेक्षा असते आणि प्रत्येक छाप हाताने पुसलेला असतो, म्हणून ते कधीच तंतोतंत सारखे नसतात. आपल्याकडे कृष्णा रेड्डी यांनी ही गोष्ट टोकाला नेली. आंध्रात १९२५ साली जन्मलेले, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यापाशी शिकलेले रेड्डी पॅरिसला हेटरच्या ‘आतलिए १७’ या मुद्रणशाळेत गेले. तिथे त्यांनी कायको मोती यांच्या सोबतीने शाईच्या कमीअधिक चिकटपणाचा उपयोग करून एकाच पत्र्यावरून, एकाच फेऱ्यात अनेक रंग उतरवण्याची पद्धती विकसित केली. तेलकट शाई आणि घट्ट शाई एकमेकींना दूर सारतात. कठीण रूळ उंच भागांवर फिरतो, मऊ रूळ खोलगट भागांत पोचतो. शिल्पकाराच्या हाताने पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेल्या त्या पत्र्यावर रंग कसे बसतील हे शाईतल्या तेलाच्या थेंबांवर ठरे, आणि दोन छापांचे रंग वेगळे पडणे हा त्या पद्धतीचा स्वभावच होता. उमलणे, अंकुरणे, लाट हे त्यांचे विषय त्या स्वभावाशी जुळणारे होते. तिथे अपूर्णांकातला अंश खरोखर एका स्वतंत्र चित्राचे नाव बनतो. फ्रॉइड आणि बालाक्यान यांना असे वैविध्य नको होते. त्यांना सारखेपणा हवा होता आणि तो हातानेच मिळवायचा होता. दोन्ही वाटा निराळ्या असल्या तरी हाताची मर्यादा दोन्हींकडे आहे.

मर्यादेचा दुसरा अर्थ बाजाराचा, आणि त्याकडे डोळेझाक करता येत नाही. फ्रॉइडच्या हयातीतच त्याच्या छापांच्या किमती सामान्य रसिकाच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेले कमळ कोकणातल्या एखाद्या पडवीत पोचले. बडलियाचा तुरा तिथे पोचणार नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००७-०८ साली भरवलेल्या त्याच्या अम्लरेखनांच्या प्रदर्शनामुळे आणि सार्वजनिक संग्रहांमुळे ही चित्रे पाहता येतात हे खरे, पण ती पाहण्यासाठी त्या शहरांत जावे लागते. पुस्तकातल्या गुळगुळीत पानावर ‘द पेंटर्स गार्डन’ची छोटी प्रतिमा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला वर वर्णिलेला अनुभव येणार नाही, त्याला फक्त पहिली निराशा येईल. कागदावर उठलेली शाई पुनर्मुद्रणात सपाट होते, आणि पाने वेगळी काढण्याचे काम ज्या बारीक उंचसखलपणावर चालते तो नाहीसा होतो. या वंचिततेला कलात्मक कारण दिले म्हणून ती न्याय्य होत नाही. प्रत्येक छाप हाताने पुसावा लागतो म्हणून प्रती थोड्या, येथवर मान्य. थोड्या आहेत म्हणून प्रत्येकीचे मोल अमुक इतके, हा पुढचा हिशेब चित्रकाराच्या किंवा मुद्रकाच्या हाताशी काहीही संबंध नसलेल्या लोकांनी केलेला आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ‘स्टुडिओ प्रिंट्स’मधल्या चाचणी-छापांचा मोठा संच आता जतन झालेला आहे. पत्रा आम्लातून बाहेर आला, लेप धुतला, की असा एखादा छाप काढून पाहत. मग चित्रकार आणि मुद्रक त्याच्यासमोर उभे राहून कुठली रेषा कमी पडली, कुठे शाई अधिक राहिली, पत्र्यावर पुन्हा सुई चालवायची की तो टाकून द्यायचा, हे ठरवीत. हे छाप आवृत्तीच्या मोजणीत धरले जात नाहीत. पत्रा ठेवायचा की नाही हेच ज्या क्षणी ठरलेले नसते, त्या क्षणी काढलेल्या छापाला छेदस्थानी लिहायला आकडा कुठून मिळणार?